टपालघर, ओळख आणि व्यक्तिमत्त्व

युडोरा वेल्टी या अमेरिकी लेखिकेची 'व्हाय आय लिव्ह ॲट द पी. ओ.' ही कथा १९४१ साली प्रसिद्ध झाली. मिसिसिपी राज्यातल्या चायना ग्रोव्ह नावाच्या चिमुकल्या गावची पोस्टमास्तरीण ही तिची निवेदिका. नवऱ्याला सोडून माहेरी आलेल्या धाकट्या बहिणीमुळे घरात कलह माजतो. अखेर ४ जुलैच्या सणाच्या दिवशी ही बाई पंखा, रेडिओ असे आपले किडुकमिडुक गोळा करते आणि टपाल कचेरीतच बिऱ्हाड थाटते. घर परके होते आणि टपालघर हेच घर होते, असा या विनोदी कथेचा काहीसा बोचरा शेवट आहे.

या कथेचे ऋण संगणकाच्या इतिहासाने जाहीरपणे मान्य केले आहे, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या फारशी कानावर आलेली नसते. १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर या आज्ञावलीकाराने मॅकिंटॉश संगणकासाठी ई-मेल हाताळणारा एक प्रोग्राम लिहिला आणि त्याला लेखिकेचेच नाव दिले : युडोरा. हा प्रोग्राम ज्या नियमसंचावर चालत असे, त्याचे नावही 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल', म्हणजेच 'पॉप'. दूरच्या सर्व्हरवर साचलेली पत्रे या नियमांनुसार वाचकाच्या स्वतःच्या यंत्रावर उतरवून घेता येत. वेल्टीची नायिका टपालघरात राहावयास गेली, तर डॉर्नरने टपालघरच घरी आणले. वेल्टी तेव्हा हयात होत्या. त्यांचे निधन २००१ साली झाले.

सुरुवातीस एका माणसाचा एकच पत्ता असे, आणि तोही बहुधा विद्यापीठाने वा कचेरीने दिलेला. नोकरी सुटली की पत्ता मिटला. पुढे इंटरनेटची जोडणी पुरविणाऱ्या कंपन्या स्वतःचा पत्ता देऊ लागल्या. तोही कंपनी बदलली की निकामी होई. १९९६ साली हॉटमेल सुरू झाले, तेही योगायोगाने ४ जुलै रोजीच. आता पत्ता नोकरीपासून आणि जोडणीपासून सुटा झाला, फुकट झाला, आणि म्हणूनच पत्त्यांची संख्या वाढत गेली. एक कामाचा, एक घरचा, एक मित्रमंडळींचा, एक अनोळखी लोकांना देण्याचा. या साऱ्या पेट्या एका ठिकाणी कशा उघडाव्यात, हा प्रश्न तांत्रिक खरा. परंतु त्याला निरनिराळ्या प्रोग्रामांनी जी उत्तरे दिली, त्यांची नावे पाहिली म्हणजे तो निव्वळ तांत्रिक नव्हता हे कळते.

युडोराने प्रत्येक जादा पत्त्याला 'पर्सनॅलिटी', म्हणजे 'व्यक्तिमत्त्व' असे नाव दिले. त्यांतले एक 'डॉमिनंट', म्हणजे प्रधान, बाकीची गौण. प्रत्येक व्यक्तिमत्त्वाची स्वाक्षरी निराळी ठेवता येई. सर्वांची पत्रे मात्र सहसा एकाच पेटीत येऊन पडत आणि ज्या पत्त्यावर पत्र आले त्याच पत्त्यावरून उत्तर जाई. म्हणजे पाठविणाऱ्यांना दिसणारे चेहरे अनेक, वाचणारा डोळा एक.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक एक्स्प्रेसने १९९९ च्या पाचव्या आवृत्तीत 'आयडेंटिटी' म्हणजे 'ओळख' हा शब्द योजला. येथे कल्पना उलटी होती. एकच संगणक वापरणाऱ्या घरातल्या माणसांना एकमेकांची पत्रे दिसू नयेत म्हणून या ओळखींमध्ये भिंती घातलेल्या होत्या. एकीतून बाहेर पडल्यावाचून दुसरीत जाता येत नसे. मोझिलाच्या थंडरबर्डने, ज्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये निघाली, 'खाते' हा रोखठोक व्यवहारी शब्द पुढे ठेवला. प्रत्येक खात्याची स्वतंत्र वंशावळ डाव्या बाजूस मांडलेली. खात्याच्या पोटात पुन्हा एकाहून अधिक ओळखी. आणि वाटल्यास सर्व खात्यांचे टपाल एका पेटीत घेण्याची मुभा. व्यक्तिमत्त्व, ओळख, खाते. एकाच सोयीची ही तीन नावे म्हणजे 'मी' कोण याविषयीच्या तीन समजुती आहेत, असे आम्हांस वाटते.

मराठी वाचकाला यांतली युडोराची समजूत सर्वांत ओळखीची वाटावी. आपल्या जुन्या पत्रलेखनात मायनाच लिहिणाऱ्याचे व्यक्तिमत्त्व ठरवीत असे. तीर्थरूपांना शिरसाष्टांग नमस्कार घालणारा, चिरंजीवांना अनेक आशीर्वाद देणारा आणि परक्या गृहस्थास स. न. वि. वि. लिहिणारा माणूस एकच. पण प्रत्येक पत्रात त्याची पाठ निराळ्या कोनात वाकलेली. फरक इतकाच, की मायना समोरच्या माणसाकडे पाहून बदलत असे. युडोरात तो निर्णय पुष्कळदा पत्त्याने आधीच घेतलेला असे. पत्र कामाच्या पत्त्यावर आले, तर उत्तर देणारा आपोआप कामाचा माणूस होई.

मराठीचा या इतिहासाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो तितकासा सुखाचा नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. स्वस्त 'शेल' खात्यावर केवळ मजकूर दिसे. महागड्या जोडणीवर पॉपची वाट होती. टेलिफोन लावावा, पत्रे उतरवावीत, फोन ठेवावा आणि मग निवांत वाचावे. परंतु ती पत्रे मराठीत असली तरी देवनागरीत क्वचितच असत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. तरी युडोराच्या विंडोज आवृत्तीला युनिकोड अखेरपर्यंत पचले नाही. विशिष्ट फॉण्टात लिहिलेला मजकूर तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर अगम्य चिन्हांची रांग होऊन बसे. म्हणून त्या वर्षांतील मराठी पत्रव्यवहाराचा मोठा भाग रोमन लिपीत झाला. त्या काळाच्या मराठी गद्याचा अभ्यास पुढे कोणी करू म्हणेल, तर त्याला ही लिपीची अडचण आधी ओलांडावी लागेल.

अर्थात तो अभ्यास करण्याइतकी पत्रे शिल्लक राहिली पाहिजेत. पत्रे एकत्र आणण्याच्या सोयीतला खरा प्रश्न आम्हांस येथे दिसतो. जी. ए. कुलकर्णींची पत्रे आज ग्रंथरूपाने वाचता येतात, याचे कारण ती ज्यांना लिहिली त्यांनी जपली. कागदी पत्र लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही. डेस्कटॉपवरच्या मेल-प्रोग्रामने ही जुनी रीत मोडली. आलेले आणि पाठविलेले, दोन्ही बाजूंचे टपाल, सर्व पत्त्यांचे, एका माणसाच्या एका यंत्रावर जमू लागले. संवादाचा दुसरा अर्धा भाग शोधत दारोदार हिंडण्याची गरज संपावी, असा हा बदल होता. त्यातही युडोरा आणि थंडरबर्ड पत्रे साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवीत, ज्या कोणत्याही मजकूर-संपादकात उघडाव्यात. आउटलुक एक्स्प्रेसच्या फाइली तशा उघडत नसत. २०१० साली अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने सलमान रश्दींचे कागद अभ्यासकांसाठी खुले केले, तेव्हा त्यांत लेखकाचे जुने मॅकिंटॉश संगणकही होते. यंत्र हेही आता हस्तलिखितांच्या दप्तराइतकेच महत्त्वाचे ठरले.

या वाटेवर अडथळे मात्र लवकरच आले. २००२ साली याहूने पॉपची फुकट सोय बंद केली आणि पत्रे घरी नेण्यासाठी पैसे मागितले. १९८६ पासून विकसित होत असलेल्या 'आयमॅप' या दुसऱ्या नियमसंचात पत्रे सर्व्हरवरच राहतात. घरच्या यंत्रावर त्यांचे प्रतिबिंब. अनेक यंत्रे वापरणाऱ्यास हेच सोयीचे, म्हणून तेच रूढ झाले. परंतु सर्व्हरवरून खोडलेले पत्र प्रतिबिंबातूनही नाहीसे होते. मायक्रोसॉफ्टच्या नव्या आउटलुकमध्ये तर अन्य कंपन्यांच्या खात्यांचे टपालही मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून फिरून येऊ शकते. दिसायला प्रोग्राम आपल्या टेबलावर. टपालघर पुन्हा दूर गेलेले.

युडोराची विक्री व विकास क्वालकॉम या कंपनीने २००६ साली थांबविण्याचे ठरविले. मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी प्रसिद्ध केली. थंडरबर्ड आजही चालू आहे आणि 'लोकल फोल्डर्स' नावाची, सर्व्हरशी संबंध नसलेली पेटी त्यात अद्याप आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही पत्रवाङ्मय शिकवितो ते बहुधा छापील पुस्तकांतून. पत्रे कोणाच्या कपाटात राहिली, हा प्रश्न प्रस्तावनेतल्या आभारापुरता उरतो. आज लिहीत असलेल्या लेखकांबाबत तो प्रश्न आधी विचारावा लागेल आणि ते हयात असतानाच विचारावा लागेल. त्यांची पाच पत्त्यांवरची पाच व्यक्तिमत्त्वे एखाद्या यंत्रावर एकत्र नांदत आहेत, की पाच कंपन्यांच्या दारी पाच भाडेकरू म्हणून राहत आहेत? भाडे थकले वा संकेतशब्द लेखकाबरोबर गेला, तर संपादकाच्या हाती प्रस्तावनाच उरेल, पत्रे उरणार नाहीत.