मुसीचा महापूर आणि विश्वेश्वरय्यांचा अहवाल

हैदराबाद शहराच्या इतिहासाचे १९०८ पूर्वीचा आणि १९०८ नंतरचा असे दोन भाग सहज पडतात. त्या वर्षी २८ सप्टेंबर रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने अफजलगंज, मुसल्लमजंग व चादरघाट येथील पूल मोडून टाकले. कुतुबशाही अमदानीतील पुराना पूल तेवढा तग धरून राहिला. मृतांची संख्या सुमारे १५,००० सांगितली जाते. अफजलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडाने दीडशेच्या आसपास जीव वाचविले, ही हकिकत तर शहरात सर्वतोमुखी आहे.

या आपत्तीची मीमांसा करण्यासाठी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. विश्वेश्वरय्या म्हैसूरचे खरे. परंतु त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाले होते आणि १८८४ पासूनची त्यांची नोकरी मुंबई इलाख्यातील. खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी बसविलेली स्वयंचलित दारे प्रसिद्धच आहेत. १९०९ च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादेस आले.

आल्याबरोबर नदीकाठी उंच भिंती बांधण्याची शिफारस करून ते मोकळे झाले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र आधी पावसाचा हिशेब मांडला. शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच पाऊस पडल्याची नोंद होती. शहराच्या वरच्या अंगास नदीचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैलांचे, आणि त्यात लहानमोठे ७८८ तलाव. त्यांपैकी २२१ तलाव त्या पावसात फुटले होते. म्हणजे आभाळातून पडलेल्या पाण्यात साठविलेल्या पाण्याची भर पडली. एक तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्या तलावाच्या बांधावर आदळावयाचा, अशी ती मालिका. पुराचे मूळ शहरात नसून शहराबाहेर मैलोगणती पसरलेल्या मुलखात आहे, हे या आकड्यांनी सिद्ध केले.

उपायही तेथेच योजावा लागला. मुसी व तिची उपनदी ईसी यांवर शहराच्या वर जलाशय बांधावेत, पुराचा जोर त्यांत अडवावा आणि शहरातील पात्राला पेलेल तेवढेच पाणी खाली सोडावे, अशी ती योजना होती. त्यातून उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाले. पुढे याच जलाशयांनी शहराची तहानही भागविली. येथे एक पेच आहे. पूर अडवावयाचा तर जलाशयात जागा रिकामी हवी, आणि पिण्यासाठी तो भरलेला हवा. दारे केव्हा उघडावी हा प्रश्न त्यामुळे दर पावसाळ्यात नव्याने सोडवावा लागतो.

या दोन जलाशयांच्या पाणलोटात बांधकामांवर निर्बंध घालणारा शासकीय आदेश क्रमांक १११ हा १९९६ मध्ये निघाला. २०२२ मध्ये तो उठविण्याचा आदेश झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, शहराच्या पूर्वेस घटकेसर येथे एका दिवसात सुमारे ३२ सेंटिमीटर पाऊस कोसळला होता. हा भाग जलाशयांच्या खालच्या अंगाचा. तेथील पाणी अडविणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. त्याच महिन्यात बालापूरनजीकच्या गुर्रम चेरुवू या तलावाचा बांध फुटला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले.