वर्जनाहार

एखाद्या व्यक्तीस त्रास देणारा अन्नपदार्थ कोणता हे ठरविण्यासाठी संशयित पदार्थ काही काळ आहारातून वगळून आणि नंतर ते एकेक करून पुन्हा देऊन लक्षणांत होणारा बदल पाहण्याच्या पद्धतीस वर्जनाहार असे म्हणतात. वर्जनाहार हा मूलतः उपचार नसून निदानाचे साधन आहे. अन्नामुळे उद्भवणारे असे त्रास स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. अधिहर्षतेत (ॲलर्जीत) शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा अन्नातील एखाद्या प्रथिनाविरुद्ध प्रतिक्रिया करते; अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे, क्वचित प्रसंगी रक्तदाब एकदम उतरून प्राणावर बेतणे, ही तिची लक्षणे होत. असह्यतेत प्रतिरक्षेचा संबंध नसतो. पचनास लागणारे एंझाइम कमी पडणे किंवा न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात आंबणे, अशी तिची कारणे असतात. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अंतस्त्वचेची हानी करणारा सीलिॲक रोग प्रतिरक्षेशी निगडित असला, तरी तो नेहमीच्या अधिहर्षतेहून वेगळा आहे.

प्राचीन कल्पना : एकाला मानवणारे अन्न दुसऱ्याला बाधते, हे निरीक्षण फार जुने आहे. हिपॉक्राटीझच्या नावावर असलेल्या ग्रीक वैद्यक लेखनात चीज काहींना पचते व काहींना त्रास देते, असा उल्लेख आढळतो. आयुर्वेदात सात्म्य व असात्म्य या संकल्पनांत हाच विचार आहे. रोगनिदानाच्या पाच अंगांपैकी ‘उपशय’ हे अंग येथे विशेष लक्षणीय आहे. कारण औषध, अन्न किंवा विहार यांचा प्रयोग करून रोग शमतो की वाढतो यावरून निदान निश्चित करणे, असे त्याचे स्वरूप आहे. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम न सोडता चतुर्थांशाच्या क्रमाने सोडावी, असेही चरकसंहितेत सांगितले आहे. तथापि एकेक पदार्थ वेगळा काढून त्याची पद्धतशीर परीक्षा करण्याची रीत आधुनिक काळातच रूढ झाली.

आधुनिक इतिहास : ‘ॲलर्जी’ ही संज्ञा क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजली. १९२१ मध्ये कार्ल प्राउसनिट्स यांनी, मासे न सोसणारे आपले सहकारी हाइन्झ क्यूस्टनर यांचा रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून ही संवेदनक्षमता रक्तातील घटकामार्फत दुसऱ्याकडे संक्रमित होऊ शकते, हे दाखविले. हा घटक म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन-ई होय, हे १९६६-६७ च्या सुमारास सिद्ध झाले. दरम्यान कॅलिफोर्नियातील वैद्य ॲल्बर्ट रो यांना त्वचा परीक्षा अन्नाच्या बाबतीत पुष्कळदा फसव्या ठरतात असे आढळले. गहू, दूध व अंडी वगळलेले ठराविक आहार रुग्णास देऊन लक्षणे शमल्यावर एकेक पदार्थ परत सुरू करण्याची पद्धत त्यांनी बसविली आणि १९३१ व १९४१ मधील ग्रंथांतून ती मांडली. आजचा वर्जनाहार या पद्धतीचाच वारस आहे.

वर्जनाहाराचे सर्वांत मोठे यश सीलिॲक रोगाच्या संदर्भातील होय. पोट फुगलेली, हातपाय काड्यांसारखी झालेली मुले दगावत. त्यांना केळ्यांचा आहार दिला असता काही सुधारत, पण कारण कळत नव्हते. नेदर्लंड्समधील बालरोगतज्ञ विल्लेम कारेल डिके यांना गव्हाचा संशय १९३० नंतरच्या दशकातच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील दुष्काळात पाव दुर्मिळ झाला असताना अशा मुलांची प्रकृती बिघडली नाही आणि गहू पुन्हा मिळू लागताच रोग उलटला, यामुळे तो बळावला. डिके यांनी १९५० मध्ये उत्रेक्त येथील आपल्या प्रबंधात हे निष्कर्ष मांडले. गहू देऊन व काढून मलातील स्निग्धांश मोजण्याच्या प्रयोगांनी त्यांस पुष्टी मिळाली.

रुग्णाच्या व वैद्याच्या अपेक्षेचा निष्कर्षावर परिणाम होतो, ही वर्जनाहाराची उणीव लवकरच लक्षात आली. मेरी लव्हलेस यांनी १९५० मध्ये दूध लपवून देऊन परीक्षा घेतली. चार्ल्स मे यांनी १९७६ मध्ये दम्याच्या मुलांत उभयपक्षी अज्ञात परीक्षा वापरली; तीत खरा पदार्थ कोणता व निष्क्रिय कोणता हे रुग्ण व परीक्षक या दोघांनाही ठाऊक नसते. अन्नाच्या अधिहर्षतेच्या निदानात हीच परीक्षा प्रमाणभूत मानली जाते.

भारतातील संशोधन : मुंबईत देसाई, चित्रे व जीजीभॉय यांनी १९६७ मध्ये आतड्यातील लॅक्टेजची उणीव ओळखण्यासाठी दुग्धशर्करा पाजून करावयाची साधी परीक्षा वर्णिली. १९८१ मधील एका अभ्यासात दुग्धशर्करेची असह्यता उत्तर भारतीयांत सु. २७ टक्के, तर दक्षिण भारतीयांत सु. ६७ टक्के आढळली. अशा व्यक्तींस दूध बाधले तरी दही व ताक बहुधा सोसते; कारण विरजणात शर्करेचा काही भाग जिवाणू खर्च करतात. मुंबईतच पाटील, निफाडकर व बापट यांनी २००१ मध्ये हरभरा हा भारतातील महत्त्वाचा अधिहर्षताकारक पदार्थ असल्याचे दाखविले. पाश्चात्त्य याद्यांत हरभऱ्याला स्थान नव्हते. यावरून वगळावयाच्या पदार्थांची यादी प्रदेशाच्या आहारावरूनच ठरवावी लागते, हे स्पष्ट होते.

सोलापूर जिल्ह्यातील आहार : माढा तालुक्यातील टेंभुर्णी हे पुणे–सोलापूर महामार्गावरील गाव रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात मोडते. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी व २०१६ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी याच जिल्ह्यातील होत. भाकरी, हरभऱ्याच्या पिठाचे पिठले व शेंगदाण्याची चटणी हे येथील नित्याचे जेवण असून गव्हाची पोळी पूर्वी प्रामुख्याने सणासुदीची होती. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर कालव्याच्या पाण्याने ऊस व गहू यांचे क्षेत्र वाढले. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने गहू वगळणे येथे पश्चिमेकडील देशांइतके अवघड नाही. मात्र छुप्या मार्गाने गहू पोटात जातो. गिरणीत गव्हावर दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळते, बांधीव हिंगात गव्हाचे पीठ असते, आणि तळणाचे तेलही पूर्वीच्या पदार्थांच्या अंशाने दूषित असू शकते. उलट हरभरा व शेंगदाणा हे नेहमीच्या जेवणातच असल्याने ते वगळावयाचे झाल्यास सारा स्वयंपाकच बदलावा लागतो. चातुर्मासात कांदा, लसूण व वांगी सोडण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. कांदा-लसणातील फ्रुक्टाने आतड्यात आंबतात. म्हणून या काळात काहींचा पोटफुगीचा त्रास कमी होऊ शकतो. परंतु उपवास, ऋतू व अन्य पदार्थ हेही त्याच वेळी बदलत असल्याने त्यावरून कांदाच कारण होय, असा निष्कर्ष काढता येत नाही. अशा आंबणाऱ्या शर्करा वगळून क्रमाने परत देणारा आहार मेलबर्न येथील मॉनॅश विद्यापीठात २००५ च्या सुमारास विकसित झाला.

पद्धती व मर्यादा : प्रथम नेहमीचा आहार चालू ठेवून खाल्लेले पदार्थ व लक्षणे यांची नोंदवही ठेवतात. नंतर संशयित पदार्थ दोन ते सहा आठवडे पूर्णतः वर्ज्य करतात. लक्षणे न शमल्यास तो पदार्थ निर्दोष मानून आहार पूर्ववत करतात. शमल्यास एका वेळी एकच पदार्थ, काही दिवसांच्या अंतराने, अल्प प्रमाणापासून परत देतात. परत देण्याचा टप्पा गाळल्यास निदान अपुरेच राहते आणि व्यक्ती निष्कारण अनेक पदार्थांस कायमची मुकते. सीलिॲक रोगाचा संशय असता रक्तपरीक्षा होईपर्यंत गहू बंद करू नये. तो आधीच सोडून भाकरीवर राहिल्यास रक्तातील प्रतिपिंडे घटतात व रोग असूनही परीक्षा नकारार्थी येऊ शकते. पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आलेला पदार्थ घरी परत देऊन पाहणे धोक्याचे असल्याने ते रुग्णालयातच करतात. रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन-जी मोजून असह्य पदार्थांच्या लांबलचक याद्या देणाऱ्या तपासण्या निदानास उपयोगी नाहीत, असे यूरोपीय तज्ञमंडळाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे.

लहान मुलांच्या बाबतीत अनावश्यक वर्जन विशेष हानिकारक ठरते. दूध, डाळी व अंडी एकदम बंद केल्यास प्रथिने व कॅल्शियम कमी पडून वाढ खुंटते. शिवाय वर्जनाने अधिहर्षता टळते, हा समजही २०१५ मधील ब्रिटिश प्रयोगाने डळमळीत झाला. त्यात अधिहर्षतेचा धोका अधिक असलेल्या ६४० अर्भकांपैकी शेंगदाणा वर्ज्य केलेल्या गटात पाचव्या वर्षी १७.२ टक्के, तर तो नियमित दिलेल्या गटात केवळ ३.२ टक्के मुलांत शेंगदाण्याची अधिहर्षता आढळली. यामुळे वगळण्याइतकेच परत देण्याला महत्त्व आले असून, शक्य तितके कमी पदार्थ शक्य तितका कमी काळ वर्ज्य करावेत, हे वर्जनाहाराचे आजचे सूत्र आहे.