रक्त कमी की थॅलेसेमिया मायनर? रिपोर्ट असा वाचा

मार्केट यार्ड (पुणे) : मुलीचं हिमोग्लोबिन १० आलं. तीन महिने आयर्नच्या गोळ्या घेतल्या, तरी आकडा हलत नाही. आपल्या घरात असं झालं असेल, तर गोळ्या वाढवण्याआधी रिपोर्ट पुन्हा बघा, असं आम्ही सुचवू.

यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात. एक, शरीरात लोह कमी असणं. दुसरं, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आई किंवा वडिलांकडून जन्मतः आलेला गुण. दोन्हींत लाल पेशी लहान आणि फिकट दिसतात, म्हणून गल्लत होते.

सीबीसीमध्ये काय बघायचं?

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार. दोन्हींत तो ८० च्या खाली जातो. फरक आरबीसीत, म्हणजे पेशींच्या संख्येत दिसतो. लोह कमी असेल तर संख्या बहुधा घटते. मायनरमध्ये ती नॉर्मल किंवा ५ दशलक्षांच्या वर असते. आरडीडब्ल्यू लोहाच्या कमतरतेत बहुधा वाढतो, मायनरमध्ये बऱ्याचदा नॉर्मल राहतो.

सोपा हिशोब असा : एमसीव्हीला आरबीसीने भागा. एमसीव्ही ६४, आरबीसी ५.८ असेल तर उत्तर ११. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर मायनरचा संशय, जास्त आलं तर लोहाच्या कमतरतेचा. १९७३ पासून वापरात असलेला हा मेंटझर इंडेक्स फक्त इशारा देतो, निदान करत नाही.

पक्कं कसं कळेल?

फेरिटिन तपासणीत शरीरातला लोहाचा साठा कळतो. मोठ्या माणसात तो १५ पेक्षा कमी म्हणजे लोह नक्की कमी. ताप किंवा संसर्ग असेल तर आकडा फसवा वाढतो. एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए-टू साधारण ३.५ टक्क्यांच्या वर आलं, तर बीटा थॅलेसेमिया मायनर. एकाच माणसात दोन्ही गोष्टी असू शकतात. लोह फार कमी असेल तर ए-टू खाली दिसू शकतं. अशा वेळी लोह भरून आल्यावर डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. अल्फा प्रकारात ए-टू नॉर्मल येतं, त्यासाठी डीएनए तपासणी लागते.

निकाहच्या आधी का?

मायनर हा आजार नाही, त्यावरून कुणाच्या मुलीला नाव ठेवू नये. जोडीदाराची तपासणी नॉर्मल असेल तर मूल थॅलेसेमिया मेजरचं होत नाही. दोघेही बीटा मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता २५ टक्के. मेजरच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. नात्यातल्या निकाहात दोघांकडे तोच गुण असण्याची शक्यता वाढते. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहपूर्व तपासणी सक्तीची आहे. निर्णय मात्र जोडप्याचाच.

आधीच गरोदर असाल तर थांबू नका. पती-पत्नी दोघांची एचपीएलसी लगेच करा. दोघेही मायनर निघाले, तर दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते.

आणि फेरिटिन न बघता वर्षानुवर्षं आयर्न घेऊ नका. मायनरमध्ये लोह कमी नसेल तर त्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नाही.