सव्वा लाख डॉलर की स्टॅनफर्ड?

बेसबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण बिली बीनची गोष्ट काही डोक्यातून जात नाही. ‘मनीबॉल’ (2011) सिनेमात ब्रॅड पिटने रंगवलाय तोच.

आधी पद्धत बघा. 1964 मध्ये एंजल्स संघाने रिक रायकार्ट या कॉलेजच्या पोराला दोन लाख डॉलरच्या वर बोनस दिला. ही बोली आवरायला 1965 पासून ड्राफ्ट आला. संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायचे आणि ज्याने निवडलं त्याच्याशीच पोराने बोलणी करायची. शाळकरी पोराच्या हातात उरलं एकच हत्यार: ‘नाहीतर मी कॉलेजला जातो!’ चार वर्षांच्या कॉलेजात गेला, की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत तो सहसा पुन्हा ड्राफ्टमध्ये येत नाही.

1990 मध्ये टॉड व्हॅन पॉपेल म्हणाला, मी टेक्सास विद्यापीठातच जाणार. पहिली पाळी असलेल्या अटलांटाने त्याला सोडून चिपर जोन्सला घेतलं. चौदाव्या पाळीला ओकलंडने धाडस केलं, आणि 12 लाख डॉलरच्या करारावर गडी कॉलेज विसरला. पुढे जोन्स हॉल ऑफ फेममध्ये गेला, पॉपेलची कारकीर्द बेताचीच राहिली.

बीनचं याच्या दहा वर्षं आधीचं. 1980 साली एकीकडे स्टॅनफर्डची शिष्यवृत्ती, दुसरीकडे मेट्सचे सव्वा लाख डॉलर. त्याने सही केली. घरच्यांनी पैसे जमीनजुमल्यात गुंतवले, ते बुडाले. आणि खेळ? सहा वर्षांत 148 सामने, सरासरी .219.

गंमत पुढेच आहे. हाच बीन 1997 मध्ये ओकलंडचा जनरल मॅनेजर झाला, आणि 2002 च्या ड्राफ्टमध्ये त्याने पहिल्या फेरीचे सातही खेळाडू कॉलेजचे घेतले! कॉलेजच्या पोराचे आकडे जास्त भरवशाचे, हे गणित. त्याच वर्षी बॉस्टनने देऊ केलेले सव्वा कोट डॉलरही त्याने नाकारले.

फायनल इयरला माझ्याकडेही एम.टेक.चा प्रवेश आणि ऑफर लेटर दोन्ही होतं. घरावर कर्ज होतं. मी ऑफर घेतली, अजूनही त्याच धंद्यात आहे. चूक केली असं वाटत नाही. पण तेव्हा मी फक्त पगाराचा आकडा वाचला होता, दुसऱ्या बाजूला आकडाच नव्हता. अठराव्या वर्षी बीनचंही तेच झालं असणार.

असो. तुम्ही काय निवडलं होतं?