धनराजने एकूण गोल किती केले?

मंडळी, आज क्रिकेट नाही, हॉकी. आणि सुरुवात चक्क बर्फावरच्या हॉकीपासून.

वेन ग्रेट्झ्की हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कॅनडाचा, आइस हॉकीतला फॉरवर्ड. आपल्याकडे सचिन म्हटल्यावर जे होतं ते तिकडे त्याचं नाव घेतल्यावर होतं. १९७९ ते १९९९ या काळात तो एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. सामने १४८७, गोल ८९४, आणि दुसऱ्याला गोल करून देण्याचं श्रेय, ज्याला ते असिस्ट म्हणतात, ते १९६३. एकही आकडा 'सुमारे' नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये अलेक्झांडर ओव्हेचकिनने ८९५ वा गोल मारला तेव्हा विक्रम मोडला हे त्याच क्षणी सगळ्यांना कळलं, कारण आधीचा आकडा एकेक करून मोजलेला होता.

आता आपला फॉरवर्ड. धनराज पिल्ले, आमच्या नाशिकहून चार-पाच तासांवरच्या खडकीचा. १९८९ ते २००४, पंधरा वर्षं भारताकडून खेळला. सामने ३३९. आणि गोल? '१७० च्या वर' असं कुठेतरी सापडतं. १७० च्या वर म्हणजे १७१ की १९५? अधिकृत उत्तर नाही. कारण भारतीय हॉकी फेडरेशनने कोणी किती गोल केले याची नीट नोंदच ठेवली नाही!

मी दिवसभर डेटाबेसशी झुंजणारा माणूस आहे. त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा हसूही आलं आणि डोकंही फिरलं. पण जरा खोलात गेलं की लक्षात येतं, हा नुसता आळशी कारकुनीचा किस्सा नाही. धनराजच्या अख्ख्या करिअरचं दुखणं या एका न भरलेल्या रकान्यात आहे.

पहिल्यापासून बघू.

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ चा. घरची भाषा तमिळ, गाव खडकी. वडील नागलिंगम ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचे आणि कुटुंब फॅक्टरीच्या वसाहतीत राहायचं. ज्यांनी नाशिकरोडची प्रेसची क्वार्टर्स किंवा ओझरची एचएएलची वसाहत पाहिली आहे त्यांना हे वातावरण वेगळं सांगायला नको. भोंग्यावर चालणारं आयुष्य, एकसारखी घरं, आणि मध्ये एक मोठं मैदान ज्यावर सगळ्या भाषांची पोरं एकत्र खेळतात. पिल्ले भावंडं तुटलेल्या स्टिक दोरीने बांधून खेळायची. नाव मात्र धनराज!

मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळत होता. त्याच्या मागोमाग धनराज मुंबईला आला. तिथे जोकिम कार्व्हालो या ऑलिंपियनच्या हाताखाली तयार झाला आणि महिंद्राच्या टीममध्ये लागला. 'लागला' हा शब्द मुद्दाम वापरतोय. आपल्याकडे खेळाडू टीममध्ये 'लागतो', जसा मुलगा बँकेत लागतो. महिंद्रा, आरसीएफ, रेल्वे, पोलीस, एअरलाइन्स या सगळ्यांच्या टीम होत्या. खेळायचं टीमसाठी, पगार हुद्द्याचा. पुढे धनराज इंडियन एअरलाइन्समध्ये गेला. म्हणजे कागदोपत्री तो हॉकीपटू नव्हताच, तो कर्मचारी होता.

या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. हिच्यामुळे हजारो गरीब घरांतली पोरं खेळात टिकली. आमच्याच जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बघा. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला, तोही नेमका खडकीच्याच बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. तिथे पहिल्यांदा वल्हं हातात धरलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या एशियन गेम्समध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. पगाराची नोकरी नसती तर हे झालं असतं का? शक्यच नाही.

पण या पद्धतीत एक गोम आहे. पगार नोकरीचा, आणि देशासाठी खेळणं हा 'मान'. मानाचे पैसे मागायचे नसतात! मागितले की माणूस लोभी ठरतो.

आता धनराजची दुसरी बाजू, जी मला सगळ्यात आवडते. हा गडी आपल्या आयटीवाल्यांसारखाच ऑनसाइट जायचा. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधला लिऑनचा क्लब, जर्मनीतला श्टुटगार्ट किकर्स, मलेशियात बँक सिंपानन नॅशनल आणि टेलिकॉम मलेशिया, ढाक्याचा अबाहनी, हाँगकाँगचा खालसा. काय रिझ्युमे आहे! तिथे व्यवहार सरळ होता. इतके सामने खेळ, इतके पैसे घे. परदेशात त्याच्या पायांची किंमत ठरत होती. किंमत ठरत नव्हती ती फक्त घरी.

१९९८ ला काय झालं ते यासाठी लक्षात ठेवायला हवं.

भारताने एशियन गेम्सचं हॉकीतलं सुवर्ण त्याआधी १९६६ मध्ये, बँकॉकला जिंकलं होतं. त्यानंतर ३२ वर्षं नाही. १९९० आणि १९९४ ला रौप्यावर थांबलो. १९९८ ला गेम्स पुन्हा बँकॉकलाच होते. कॅप्टन धनराज. फायनल दक्षिण कोरियाशी, जादा वेळेनंतरही १-१, मग पेनल्टी स्ट्रोक्स. गोलकीपर आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला आणि आपण ४-२ ने जिंकलो. देशभर पेढे.

त्यानंतर लगेच पाकिस्तानविरुद्धची मालिका होती. त्या टीममध्ये कॅप्टन धनराज नाही. बल्लाळ नाही. आणखीही काही सीनियर नाहीत. अधिकृत कारण: 'विश्रांती'. हॉकीच्या वर्तुळात मात्र बहुतेकांनी अर्थ लावला तो असा, की धनराज मॅच फी आणि परदेश दौऱ्यातल्या तुटपुंज्या भत्त्याबद्दल उघडपणे बोलला, त्याची ही शिक्षा.

कल्पना करा, अख्ख्या टीमने रात्रंदिवस राबून रिलीज यशस्वी केलं, टीम लीडने ओव्हरटाइमचं विचारलं आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांना बेंचवर बसवलं. आपण दुसरीकडे अर्ज टाकतो. धनराज कुठे अर्ज टाकणार? भारताची दुसरी टीम नसते.

इथेच तो ग्रेट्झ्कीवाला फरक येतो. एनएचएलच्या खेळाडूंची संघटना १९६७ मध्ये उभी राहिली. मालक आणि खेळाडू यांच्यात पैशावरून इतकं ताणलं गेलं, की २००४-०५ चा अख्खा सीझन रद्द झाला. एकही सामना नाही! पण त्या भांडणात खेळाडूंच्या हातात करार होते, आकडे होते आणि बोलणारी संघटना होती. कोणी एकटा 'तापट' ठरला नाही. आपल्याकडे पंधरा वर्षं 'धनराज तापट आहे, धनराज भांडकुदळ आहे' एवढंच ऐकू यायचं. तो तापट होताच, रडायचाही. पण मॅच फी मागणं हा स्वभावदोष नाही, ते बिल आहे.

आता आकड्यांकडे परत. समजा १७० च्या वरचा तो नेमका आकडा मिळाला, तरी धनराज कळेल का? नाही कळणार. कारण त्याचं खरं काम गोलच्या अलीकडचं होतं. चेंडू स्टिकला चिकटवून तो सुसाट सर्कलमध्ये घुसायचा. गडबडलेला बचावपटू पाय मध्ये घालायचा किंवा स्टिकवर मारायचा. शिट्टी, पेनल्टी कॉर्नर. मग दुसराच कोणीतरी तो कॉर्नर मारणार आणि स्कोअरशीटवर नाव त्याचं. बर्फावरच्या हॉकीत एका गोलमागे दोघांपर्यंत असिस्ट लिहितात. ग्रेट्झ्कीचे सगळे गोल पुसून टाकले तरी नुसत्या असिस्टवर तो एनएचएलच्या गुणांच्या यादीत पहिलाच राहतो! आपल्या हॉकीत तो रकानाच नाही. म्हणजे धनराजचे गोल धड मोजले नाहीत, आणि गोलपेक्षा मोठं काम मोजायची सोयच नव्हती.

तरी जगाला दिसत होतं. १९९४ च्या सिडनी वर्ल्ड कपनंतर निवडलेल्या जागतिक संघात तो एकटा भारतीय होता. २००२ च्या कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत आपण चौथे आलो, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू धनराज, वयाच्या ३४ व्या वर्षी. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार एशियन गेम्स, चार चॅम्पियन्स ट्रॉफी. २००३ मध्ये त्याच्या कॅप्टनशिपखाली क्वालालंपूरला पाकिस्तानला हरवून आपण पहिल्यांदा आशिया कप जिंकला. ऑलिंपिक पदक मात्र नाहीच. २००० च्या सिडनीत पोलंडला हरवलं असतं तर सेमीफायनल होती. एक गोलची आघाडी होती, शेवटची दोनेक मिनिटं उरली होती, आणि पोलंडने बरोबरी केली. तो सामना आठवला की अजून पोटात कालवतं.

आणि शेवट? २००४, अथेन्स. सातव्या जागेसाठीचा सामना, पुन्हा समोर कोरिया. आपण जिंकलो. धनराजला मैदानात पाठवलं ते शेवटी शेवटी, जेमतेम मिनिटभरासाठी. बर्फावरचे फॉरवर्ड इतके दमतात की ४५ सेकंदांच्या आसपास खेळून बाहेर येतात, मग पुन्हा आत जातात. धनराजला पुन्हा आत जायचं नव्हतं. तीनशे एकोणचाळीस सामन्यांचा निरोप एका शिफ्टमध्ये उरकला.

पुढचं थोडक्यात. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग निघाली, धनराज मराठा वॉरियर्सकडून खेळला, लीग २००८ ला बंद पडली. त्याच वर्षी भारत ऑलिंपिकला पात्रही ठरला नाही, १९२८ नंतर पहिल्यांदाच. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आली, २०१७ नंतर थांबली, २०२४ च्या अखेरीला परत सुरू झाली. त्यासाठीच्या लिलावात सर्वाधिक बोली लागली हरमनप्रीत सिंगवर, ७८ लाख. आनंदच आहे, आणि तो त्या किमतीचा आहेच. पण एक गंमत नोंदवून ठेवा. हरमनप्रीत बचावपटू आहे आणि पेनल्टी कॉर्नरचा बादशहा. त्याचे दोनशेच्या वर गोल नीट मोजलेले आहेत. जे मोजलं जातं त्याची बोली लागते. तो कॉर्नर मिळवून देणाऱ्या फॉरवर्डचं काय, हा प्रश्न आजही तसाच आहे.

धनराजच्या जुन्या सामन्यांची स्कोअरकार्डं वर्तमानपत्रांच्या फायलींत कुठे कुठे पडून असतील. ३३९ सामने म्हणजे काही अफाट डेटा नाही. चार-पाच जणांनी काही शनिवार-रविवार वाचनालयात बसून काढले तर निदान गोलांची एक यादी तरी उभी राहील. वीस वर्षं उशिरा का होईना, पण त्या माणसाच्या नावापुढचा 'च्या वर' काढून टाकता येईल.

कोणी येणार का बरोबर? सुरुवात नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयापासून करू. चहा माझ्याकडून :-)