साहित्यकृती, पण ग्रंथ नव्हे : साहसखेळ, एम्युलेटर आणि दिल्लीतील दोन कायदे

पॉइंट-अँड-क्लिक साहसखेळ हा संगणकीय कथनप्रकार १९८० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आला. पडद्यावरील चित्रातल्या वस्तूवर बाण न्यायचा, ‘उघड’, ‘उचल’, ‘बोल’ अशा क्रियापदांपैकी एक निवडायचे आणि कथा पुढे न्यायची, असे त्याचे व्याकरण. लुकासफिल्म गेम्सच्या ‘मॅनिअक मॅन्शन’ (१९८७) या खेळासाठी रॉन गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्कम’ ही स्वतंत्र पटकथाभाषा रचली. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) आणि ‘डे ऑफ द टेंटॅकल’ (१९९३) हे खेळ याच भाषेत लिहिले गेले. असे खेळ कमीत कमी वेळात पूर्ण करण्याच्या प्रथेला स्पीडरन म्हणतात. मूळ यंत्रे कालबाह्य झाल्यामुळे ती बहुधा एम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीच्या, आधारे चालते. या प्रथेकडे संहितेच्या अभ्यासाचा एक प्रकार म्हणून पाहता येते, आणि तसे पाहण्याला दिल्लीत घडलेल्या कायद्यांची एक विशेष पार्श्वभूमी आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. व्याख्यांमधील अंतर

संसदेने १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ साली दुरुस्ती केली आणि ‘साहित्यकृती’ या संज्ञेत संगणक-आज्ञावलीचा समावेश केला. त्यामुळे कादंबरी आणि संगणकीय खेळाची आज्ञावली कायद्याच्या दृष्टीने एकाच वर्गात आल्या. १९९४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीच्या अवैध प्रतीचा जाणीवपूर्वक वापर करणाऱ्यास किमान सात दिवसांच्या कारावासाची तरतूद केली. १९९९ च्या दुरुस्तीने मात्र काही मोकळीकही दिली. आज्ञावली कशी चालते याचे निरीक्षण व अभ्यास करणे, ती दुसऱ्या स्वतंत्र आज्ञावलीशी जुळावी म्हणून आवश्यक ती माहिती मिळवणे आणि वैध प्रतीवरून वैयक्तिक, अव्यापारी वापरासाठी प्रत करणे या गोष्टी उल्लंघनातून वगळल्या गेल्या. एम्युलेटर हा शब्द या तरतुदींत नाही. परंतु एम्युलेटर लिहिणाऱ्याचे काम नेमके याच स्वरूपाचे असते.

दुसरा कायदा १९५४ चा, ग्रंथालयांना ग्रंथ देण्यासंबंधीचा. त्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीसह अन्य तीन ग्रंथालये यांना प्रत्येक ग्रंथाची प्रत द्यावयाची असते. येथे ‘ग्रंथ’ म्हणजे खंड, पुस्तिका, स्वरलिपीचे पत्रक, छापील वा शिळामुद्रित नकाशा. आज्ञावली या व्याख्येत बसत नाही. एका कायद्याने जिला साहित्यकृती ठरवले, तिला दुसऱ्या कायद्याने ग्रंथालयाचे दार उघडले नाही. तिच्या स्वामित्वाचे रक्षण झाले, तिच्या जतनाची जबाबदारी मात्र कोणावरच आली नाही.

२. बाजार

ही जबाबदारी दिल्लीत नकळत बाजाराने उचलली. नेहरू प्लेस आणि कॅनॉट प्लेसखालचा पालिका बाजार या ठिकाणी १९९० च्या दशकात व त्यानंतरही खेळांच्या नकली डिस्क राजरोस विकल्या जात. रवि सुंदरम यांनी ‘पायरेट मॉडर्निटी’ (२००९) या ग्रंथात दिल्लीतील या माध्यमव्यवहाराचा सविस्तर विचार केला आहे. सीएसडीएस या संस्थेत २००० साली स्थापन झालेल्या ‘सराय’ या उपक्रमानेही या विषयाला अभ्यासाचे स्थान दिले.

या बाजाराला संग्रहालय मानणे मात्र योग्य ठरणार नाही. खपणारा माल तेवढा टिकतो, न खपणारा नाहीसा होतो, हा त्याचा नियम. शिवाय १९९९ च्या सवलती वैध प्रत बाळगणाऱ्यासाठी होत्या. नकली डिस्क घेणारा त्यांच्या बाहेरच राहिला. खेळ हाती होता, पण अभ्यासाचा अधिकार नव्हता, अशी ही स्थिती होती.

३. एम्युलेटर आणि पाठ

या स्थितीतून मार्ग निघाला तो स्वयंसेवी आज्ञावलीकारांमुळे. २००१ मध्ये लुडविग स्ट्रिगेउस यांनी ‘स्कमव्हीएम’चा आरंभ केला, २००२ मध्ये ‘डॉसबॉक्स’ आले. दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. डॉसबॉक्स जुन्या यंत्राचीच नक्कल करते, जणू जुने हस्तलिखित तसेच्या तसे डोळ्यांसमोर धरते. स्कमव्हीएम यंत्राची नक्कल करीत नाही. मूळ खेळाच्या दत्तसंचिका घेऊन त्यांतील पटकथा नव्याने वाचते. ते काटेकोरपणे एम्युलेटर नव्हेच, तो त्या पटकथाभाषेचा नवा वाचक आहे. २००३ मध्ये रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरने ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा आपला १९९४ चा खेळ विनामूल्य खुला केला, तोही स्कमव्हीएमवर चालविता यावा म्हणून. दिल्लीतील वाचकाला अशी एक संहिता तरी वैध मार्गाने उपलब्ध झाली.

स्पीडरनमध्ये कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या आज्ञावलीवर खेळले, हे नोंदवावे लागते. एम्युलेटरवर वेग वाढवता येतो, प्रसंग साठवून पुन्हा सुरू करता येतो. म्हणून त्यावर बंधने असतात. पाठभेदांची ही जाणीव मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली आणि भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली, त्या परंपरेतच हा प्रश्न बसतो : आपण नेमके काय वाचले?

४. ज्ञात कथेचे पुनर्वाचन

स्पीडरनचा उगम ‘डूम’ (१९९३) या नेमबाजीच्या खेळाच्या नोंदींत आहे. साहसखेळात त्याला निराळा अर्थ येतो, कारण येथील कोडे एकदाच कोडे असते. उत्तर कळले की हस्तकौशल्याला फारसे काम उरत नाही. उरतो तो क्रम. ‘मिस्ट’ (१९९३) मध्ये पांढरे पान मिळविण्याची कृती व शेकोटीजवळचा संकेत प्रत्येक खेळात तेच असतात. खेळाडूने मधली जगे पाहिली की नाही, हे आज्ञावली तपासत नाही. म्हणून अनेक तासांची कथा काही मिनिटांत संपते. ‘मंकी आयलंड’मध्ये तसे होत नाही. तीन कसोट्यांचा क्रम खेळाडूच्या हाती असतो, परंतु तलवारबाजीतील अपमान व प्रत्युत्तरे वाटेवरच्या चाच्यांकडून शिकावी लागतात, आणि कोण काय बोलेल हे काही अंशी दैवाधीन असते.

कथावस्तू आणि कथन यांतील जो भेद रशियन रूपवाद्यांनी मांडला, तो येथे मोजता येतो. कथेला आवश्यक वाटणारी घटना संहितेला खरोखर आवश्यक आहे काय, हे स्पीडरन दाखवून देते. एस्पन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) मध्ये वाचकाच्या श्रमांवाचून न उलगडणाऱ्या साहित्याचा विचार केला. स्पीडरन त्या श्रमांची गाळणी करतो. आपल्याकडे याला जवळचा शब्द पारायण हा आहे. तेथेही ग्रंथ आधीच ज्ञात असतो, मुदत ठरलेली असते आणि श्रोत्यांना पाठाची चूक लगेच कळते. भेद असा की पारायणात एकही ओवी वगळता येत नाही. स्पीडरनमध्ये जे वगळता येईल ते वगळणे हेच कौशल्य. दोहोंनाही संहिता आरपार माहीत असावी लागते.

समारोप

ज्या संहितेचे इतके बारकाईने वाचन झाले, ती कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयाच्या दाखल-नोंदीत नसावी, हा केवळ तांत्रिक दोष नाही. मराठीतही बालकांसाठीच्या शैक्षणिक डिस्क, कोश, टंकलेखनाच्या आज्ञावल्या निर्माण झाल्या. त्याही याच दोन व्याख्यांच्या फटीत आहेत. त्यांचे वाचक अजून हयात आहेत. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी वैध प्रती, त्या चालविणारे एम्युलेटर आणि खेळणाऱ्यांच्या नोंदी एकत्र जतन केल्या, तर जी कायद्याने साहित्यकृती आहे ती अभ्यासातही साहित्यकृती ठरू शकेल.