डुकराचे मांस आणि घेवडा : क्युबा, गोवा, वसई व पुणे यांना जोडणारा आहार-इतिहास

प्रस्तावना

क्युबा या कॅरिबियन बेटावर नाताळच्या आदल्या रात्री डुकराचे मांस मंद आचेवर तासन्‌तास भाजले जाते आणि त्यासोबत काळ्या घेवड्याची रसदार उसळ व भात वाढला जातो. गोव्यातील कॅथलिक घरांत त्याच सणाला सोरपोतेल शिजते. एरवी चोरीस नावाचे मसालेदार सॉसेज घेवड्याबरोबर शिजवून फेजोआदा केला जातो. वसई व मुंबई परिसरातील मराठीच्या बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजात डुकराच्या मांसाचे इंद्याल सणासमारंभाला मानाचे समजले जाते. या तिन्ही ठिकाणांमध्ये हजारो मैलांचे अंतर आहे. तरीही मांस आंबट रसात लसणासह मुरवायचे आणि सावकाश शिजवायचे, ही रीत तिन्हीकडे सारखीच आढळते. हे साम्य योगायोगाचे नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात स्पेन व पोर्तुगाल या इबेरियन सत्तांनी जो सागरी विस्तार केला, त्याचा हा स्वयंपाकघरातील अवशेष होय.

प्रस्तुत लेखात या साम्याचा मागोवा घेऊन एक मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे. एखादा पदार्थ सत्तेबरोबर येतो आणि सत्ता त्याचा उपयोग निष्ठेची कसोटी म्हणूनही करते. परंतु तो पदार्थ समाजाचा स्वतःचा झाला की नाही, हे ती सत्ता निघून गेल्यावरच स्पष्ट होते. या दृष्टीने वसईचा १७३९ नंतरचा आणि पुणे शहराचा १७९२ चा दाखला विशेष महत्त्वाचा आहे.

पोर्तुगीजपूर्व पार्श्वभूमी

डुकराचे मांस दख्खनमध्ये पोर्तुगीजांनी आणले, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो टिकणारा नाही. कल्याणीच्या (आजचे बसवकल्याण) चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. त्यात वराहाचे केस उकळत्या पाण्याने किंवा गवताच्या जाळाने काढून टाकणे, मग तो अग्नीवर भाजणे आणि त्याचे निरनिराळ्या आकाराचे तुकडे करणे ही सर्व कृती आली आहे. म्हणजेच मराठी मुलुखाच्या सीमेवरील एका राजधानीत, वास्को द गामाच्या आगमनापूर्वी साडेतीन शतके, भाजलेले वराहमांस हे राजभोजनाचे अंग होते.

दुसरीकडे ‘मनुस्मृती’च्या पाचव्या अध्यायात द्विजांना निषिद्ध ठरवलेल्या पदार्थांमध्ये गावडुक्कर, लसूण आणि कांदा हे एकत्रच येतात. येथे निषेध गावडुकराचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. रानडुकराची शिकार राजेरजवाड्यांना प्रतिष्ठेची वाटत होती. वस्तीत डुकरे पाळणारे कैकाडी, वडार यांसारखे समाज मात्र गावाच्या कडेलाच राहिले. प्राणी जवळपास एकच. परंतु तो कोणी मारला व कोणी पाळला यावरून त्याच्या मांसाची आणि ते खाणाऱ्याची प्रतिष्ठा ठरत होती. तेव्हा ‘येथे हे मांस खाल्ले जात होते काय?’ असा प्रश्न विचारण्यापेक्षा ‘कोणी, कोणत्या प्राण्याचे आणि कोणाच्या मान्यतेने?’ असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. पोर्तुगीज आले ते अशा आधीच विभागलेल्या आहारव्यवस्थेत.

क्युबातील पूर्वपीठिका

अटलांटिकच्या पलीकडे परिस्थिती अगदी वेगळी होती. अमेरिका खंडात पाळीव डुक्कर नव्हते. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून आठ डुकरे कॅरिबियन प्रदेशात नेली, असे त्या काळचा इतिहासकार लास कासास नोंदवतो. दिएगो वेलास्केसने १५११ मध्ये क्युबा जिंकण्यास सुरुवात केली. आपण आणलेल्या डुकरांची संख्या तीस हजारांवर गेल्याचे त्याने १५१४ मध्ये राजाला कळवले. या आकड्यात अतिशयोक्ती असू शकेल; परंतु मिळेल ते खाणारा, एका वेळी अनेक पिले देणारा आणि नैसर्गिक शत्रू नसलेला हा प्राणी तेथे झपाट्याने पसरला, यात शंका नाही. त्याच काळात युद्ध, सक्तीची मजुरी आणि युरोपातून आलेले रोग यांमुळे मूळचा ताइनो समाज उद्ध्वस्त होत होता. मोकाट डुकरांनी त्यांची शेतेही उकरली. पुढे उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम म्हणून आणली गेली. क्युबातील गुलामगिरी १८८६ मध्ये संपली.

क्युबाच्या थाळीत हा सर्व इतिहास एकत्र आला आहे. डुक्कर स्पेनचे, घेवडा अमेरिकेचा. मांस मुरवण्यासाठी जो रस वापरतात तो आंबट नारिंगाचा. त्यात लसूण, जिरे आणि ओरेगानो ही सुगंधी पाने घालतात. नारिंगाचे झाड आशियातून अरबांमार्फत स्पेनमध्ये आणि तेथून अमेरिकेत गेले. स्पॅनिश भाषेतील ‘नारांहा’ हा शब्द अरबी व फारसीमार्गे आपल्या ‘नारंग’शीच नाते सांगतो. काळा घेवडा व पांढरा भात एकत्र शिजवलेल्या पदार्थाला क्युबात ‘मूर आणि ख्रिस्ती’ अशा अर्थाचे नाव आहे. स्पेनमधील मुस्लिम व ख्रिस्ती यांच्या शतकानुशतकांच्या संघर्षाची आठवण अशी एका भाताच्या नावात टिकून राहिली आहे.

पाकतंत्राचा विचार

मांस आंबट द्रवात व लसणात मुरवण्याच्या या पद्धतीला पोर्तुगीज भाषेत ‘विन्या द आल्यूश’ म्हणजे मद्य (किंवा सिरका) आणि लसूण असे म्हणतात. गोव्यातील ‘विंदालू’ आणि वसईकडील ‘इंद्याल’ ही दोन्ही नावे त्यापासूनच आली. आम्लामुळे मांस नासवणाऱ्या जिवाणूंची वाढ मंदावते. लांबच्या समुद्रप्रवासात व उष्ण हवेत या गुणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. खांद्याच्या व मांडीच्या मांसातील चिवट तंतू मंद आचेवर काही तासांत विरघळून मऊ होतात. त्यामुळे स्वस्त व कठीण भागही रुचकर होतो. सोरपोतेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक मुरते व चांगले लागते, हा घरोघरीचा अनुभव आहे.

घेवड्याचा नियम मात्र उलटा आहे. घेवड्यात, विशेषतः लाल राजम्यात, एक विषारी द्रव्य असते आणि केवळ मंद आचेवर ते नष्ट होत नाही. म्हणून दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, आधी किमान दहा मिनिटे खळखळ उकळावे लागतात. मगच ते सावकाश शिजवता येतात. मांसाला धीर हवा आणि घेवड्याला आधी प्रखर आच हवी, हे ज्ञान ग्रंथांतून नव्हे, तर चुलीपाशी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आले आहे.

गोमंतकात या रीतीचे रूप पालटले. द्राक्षाच्या मद्याऐवजी माडाच्या सुरीचा सिरका आला. मिरी, दालचिनी, लवंग यांना अमेरिकेतून आलेल्या मिरचीची जोड मिळाली. घेवड्याच्या जागी कधी चवळीच्या जातीचे स्थानिक अळसांदेही वापरले जातात. इबेरियन चौकटीत स्थानिक जिन्नस बसवण्याचे हे काम व्हाइसरॉयांनी केले नाही. ते स्वयंपाकघरातील स्त्रियांनी व आचाऱ्यांनी केले.

गोवा : आहार ही कसोटी

आफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकले आणि १५६० मध्ये तेथे धर्मन्यायसभा म्हणजेच इन्क्विझिशन सुरू झाले. इबेरियन द्वीपकल्पात यहुदी व मुस्लिम धर्मांतून ख्रिस्ती झालेल्यांवर या संस्थेची करडी नजर असे. डुकराचे मांस टाळणे हे मनात जुना धर्म जपल्याचे लक्षण मानले जाई. ताटात काय नाही, यावरून माणसाच्या अंतःकरणाची परीक्षा घेण्याची ही पद्धत होती.

तिची झळ किती तीव्र होती, हे गार्सिया द ओर्ता याच्या घराण्यावरून कळते. यहुदी वंशाच्या या वैद्याने भारतीय औषधी वनस्पतींवरील आपला संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला. १५६८ मध्ये त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये खुद्द ओर्ताच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. हिंदूंमधून धर्मांतरित झालेल्यांच्या बाबतीतही आहारावर लक्ष होते. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या हुकूमनाम्यात स्थानिक ख्रिस्ती लोकांना ज्या प्रथांची मनाई केली गेली, त्यांत हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवणे हीदेखील होती. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोवा इन्क्विझिशनवरील ग्रंथात या मनाईंची चर्चा आली आहे. मध्यंतरी १७७४ ते १७७८ ही वर्षे वगळता ही संस्था १८१२ पर्यंत चालू होती.

याच किनाऱ्यावर उत्तरेस, कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक शनिवारी घाणा बंद ठेवून आपले आहारनियम पाळत होते. त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. या नावात वेगळेपणाची नोंद आहे, परीक्षा नाही.

वसई आणि पुणे : कसोटीकडून रुचीकडे

वसईचा प्रदेश १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. पोर्तुगीज अधिकारी व सैन्य निघून गेले. परंतु दोनशे वर्षांत ख्रिस्ती झालेले शेतकरी, बागाईतदार व कोळी मोठ्या संख्येने तेथेच राहिले. आता डुकराचे मांस खाल्ल्याने राज्यकर्त्यांची मर्जी संपादन होणार नव्हती. किंबहुना नव्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ते निषिद्धच होते. तरीही इंद्याल टिकले. ज्या समाजाने पुढे १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, त्याच्या लग्नकार्यात ते आजही आहे. सक्तीचा शेवट झाल्यानंतरही जे टिकते, त्याला केवळ सक्तीची निशाणी म्हणता येत नाही. येथे पदार्थाने कसोटीचे रूप टाकले आणि तो रुचीचा व आप्तपणाचा भाग बनला.

पुण्याचा दाखला याला पूरक आहे. पेशव्यांच्या सैन्यात ख्रिस्ती सैनिक व अधिकारी होते. त्यांच्यापैकी दोम मिगेल दि नोरोन्हा यांच्या पुढाकाराने आणि सवाई माधवरावांनी दिलेल्या जमिनीवर १७९२ मध्ये आजच्या क्वार्टर गेटजवळ कॅथलिक चर्च उभे राहिले; पुणेकर त्याला ‘सिटी चर्च’ म्हणून ओळखतात. वसईवरील विजयास तेव्हा अवघी त्रेपन्न वर्षे झाली होती, आणि गोव्यात इन्क्विझिशन अद्याप बंद झालेले नव्हते. पेशवाईतील पुण्यात जातीचे निर्बंध कठोर होते, हे विसरून चालणार नाही. तथापि परधर्मीय सैनिकाच्या प्रार्थनेसाठी जागा देताना त्याच्या ताटाची चौकशी झाली नाही, हेही तितकेच खरे. पुढे ब्रिटिश काळात कॅम्प भागात गोमंतकीय कुटुंबे स्थिरावली, १८६७ मध्ये डेव्हिड ससून यांचे सिनेगॉग, म्हणजेच लाल देवळ, पूर्ण झाले. डुकराचे मांस सणाला शिजवणारे आणि ते कटाक्षाने वर्ज्य करणारे समाज पुण्यात एकमेकांच्या शेजारी राहू लागले.

निष्कर्ष

या थाळीतील दोन घटकांचे मराठी मुलुखातील भवितव्य मात्र भिन्न ठरले. अमेरिकेतून आलेला घेवडा पूर्णपणे आपला झाला. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव परिसराच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाण्याचे कंद ही सर्व मूळची अमेरिकेची पिके. आज तीच एकादशीच्या उपवासाला चालतात. जहाजांतून आलेल्या या परकीय वनस्पतींना आपण देवघरापर्यंत नेले. याउलट ज्या मांसाचा उल्लेख बाराव्या शतकातील राजभोजनात आहे, ते मात्र आजही अनेकांना परके वाटते.

यावरून असे म्हणता येईल की, एखाद्या पदार्थाचे देशीपण त्याच्या उगमावरून किंवा वयावरून ठरत नाही. ते समाजातील मान्यतेवरून ठरते, आणि मान्यता बहुधा सत्ता व प्रतिष्ठा यांच्या मागे जाते. आहारावरून माणसाची निष्ठा जोखणे किती भयंकर टोकाला जाऊ शकते, याची साक्ष सोळाव्या शतकातील गोवा देते. अशा परीक्षेवाचूनही भिन्न ताटांचे लोक एका शहरात नांदू शकतात, याची साक्ष अठराव्या शतकाच्या अखेरचे पुणे देते. वर्गात प्रादेशिक इतिहास शिकवताना तहनामे व लढाया यांच्याबरोबर ताटाचाही पुरावा म्हणून विचार झाल्यास, ज्यांची नोंद दफ्तरांत फारशी झाली नाही अशा स्त्रिया, आचारी आणि गावकुसाबाहेरील समाज यांच्या इतिहासाकडे जाण्याची एक वाट मोकळी होईल.